तीन शिट्ट्या होईपर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत, एका शनिवार-रविवारात घर कसं मोकळं करावं यावर पानभर मजकूर होता. शनिवारी कपाटं, रविवारी माळा आणि स्वयंपाकघर, सोमवारी सकाळी म्हणे माणूस हलका. सोबत पांढऱ्या भिंती, एक कुंडी आणि झोपलेलं मांजर असा फोटो. त्या घरात पोळपाट कुठे ठेवत असतील हे मी चष्मा लावून शोधलं. सापडला नाही.

मी कोथरूडला राहते. वय ६९. टपाल खात्यात ३६ वर्षं नोकरी करून २०१६ साली निवृत्त झाले. आमचा फ्लॅट १९८५ चा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दोन माळे. एक बिल्डरनं दिलेला, दुसरा सासूबाईंनी सुताराला बोलावून पॅसेजमध्ये करून घेतलेला.

तुमचा तो शनिवार-रविवारचा प्रयोग मी पस्तीसेक वर्षं केलेला आहे, घट बसायच्या आधी, दरवर्षी. माळ्यावरचं सगळं पलंगावर यायचं. आम्ही पलंगाभोवती बसून ते बघायचो. हे म्हणायचे, "असू दे, लागेल." रात्री झोपायला पलंग लागायचा म्हणून सगळं परत माळ्यावर जायचं. धूळ तेवढी घराबाहेर पडायची. २०२२ साली मी स्टुलावरून पडले, डावं मनगट मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. त्या वर्षी घरातून गेलेला एकूण ऐवज म्हणजे रद्दीची एक पिशवी आणि एक मोडका टेबल-लॅम्प.

पुढच्या फेब्रुवारीत सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी निघाली. सेक्रेटरींनी प्रत्येकाकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि इंडेक्स टूची, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्याची, प्रत मागितली. आम्ही दोघं तीन दिवस शोधत होतो. गोदरेजच्या कपाटाचे तिन्ही कप्पे, दोन सूटकेसा, पलंगाखालचे खण. सर्टिफिकेट शेवटी माझ्या लग्नातल्या शालूच्या खोक्यात निघालं, विम्याच्या १९८८ च्या पावत्यांखाली. हे म्हणाले, "मी तिथेच ठेवलं होतं." आमच्या घरात "तिथेच" या शब्दाला सेहेचाळीस वर्षांत कधी पत्ता मिळालेला नाही.

त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरचे काका गेले. काकू आधीच गेल्या होत्या. मुलं दोन देशांतून आली, रजा पंधरा दिवसांची. दिवसवार आटोपले आणि उरलेल्या दोन दिवसांत घर टेम्पोत गेलं. मी त्यांना नावं ठेवत नाही. विमानाची तिकिटं काढलेली, घर भाड्यानं द्यायचं, करणार काय? पण पार्किंगमध्ये उभी असताना त्यांच्या मुलीनं मला एक वस्तू दाखवून विचारलं, "काकू, हे काय असतं?" कुरडयांचा सोऱ्या होता, पितळी, जाड बुडाचा. मी सांगितलं. ती "ओ" म्हणाली आणि तो पोत्यात टाकला. पोतं हमालानं उचललं तेव्हा आत भांडी वाजली. तो आवाज मला काही दिवस पुरला.

पाडव्याला, म्हणजे २२ मार्च २०२३ ला, मी सुरुवात केली. पद्धत सांगते, सांगण्यासारखी फार नाही. सकाळी कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी असते. दहा-बारा मिनिटं. तेवढ्या वेळात एक खण, किंवा अर्धा खण, किंवा एक डबा उघडायचा. त्यातली निदान एक वस्तू त्याच दिवशी दाराबाहेर जायला हवी. दुसऱ्या खोलीत नाही, माळ्यावर नाही, "गावाला नेऊ" या पिशवीत तर मुळीच नाही. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद आणि खणही बंद, कितीही मोह झाला तरी. मग कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. जिथे पूर्वी "दूध नाही", "सिलिंडर लावला", "बाईंचा खाडा" लिहायचे, तिथे आता "गाळणं, तुटकं" किंवा "मोजे ४" असं लिहिते.

काल चौकोन मोजले. साधारण सवानऊशे दिवसांत ६११ भरलेत. म्हणजे तीनशेच्या वर दिवस काहीच गेलं नाही. आजारपणं, पाहुणे, मुलीचं बाळंतपण, कंटाळा. रिकाम्या चौकोनांबद्दल मला काही वाटत नाही. बचत बँकेच्या काउंटरवर आयुष्य गेलं, त्यामुळे आरडीची एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. हप्ता चुकला म्हणून खातं बंद करून घरी जाणारा माणूस मूर्ख, पुढच्या महिन्यात दंडासकट भरणारा शहाणा. इथे तर दंडही नाही.

पहिले दोन महिने फार सोपे गेले. श्रीखंडाचे डबे ४३ आणि सुटी झाकणं १९. त्यातलं एकही झाकण त्यातल्या एकाही डब्याला बसेना, हे मी कुकरच्या तीन वेगवेगळ्या दिवशी तपासलं. औषधांचा डबा, त्यात २०१४ साली मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. सासऱ्यांच्या चष्म्याची चार घरं. चार्जर अकरा, त्यातले नऊ कुठल्या फोनचे ते कोणालाच आठवेना. रबरबँड, जे ओढले की नुसते तुटत नाहीत, त्यांचा चुरा होतो.

मग नावं घातलेली भांडी आली आणि वेग एकदम मंदावला.

तुमच्या पुरवणीतल्या तरुण लेखिकेला बहुधा माहीत नसेल, पण एके काळी लग्नात भांडं द्यायचं तर दुकानदार त्यावर नाव घालून द्यायचा. करकर आवाज करणारी पेन्सिलीसारखी मशीन असायची, ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उठायची. आमच्या १९७९ च्या लग्नातले पेले, वाट्या, ताटल्या, झाकण्या, दोन कळशा, एक घंगाळं, सगळ्यांवर नावं आणि तारीख. ती भांडी आम्ही वापरली म्हणावं तर नाही. रोजची वेगळी, पाहुण्यांची वेगळी, आणि ही "नावाची". भांडं मोडीत घालायला माझी काहीच हरकत नव्हती, त्यावरचं नाव मोडीत घालायला हात होईना.

शेवटी असं ठरवलं की रोज एकच भांडं घ्यायचं, त्यावरचं नाव वाचायचं, आणि ते माणूस हयात असेल तर त्याला फोन करायचा. शिट्ट्यांचा नियम इथे मोडला, कबूल करते. ऑफिसात माझ्या शेजारच्या काउंटरला बसणाऱ्या मैत्रिणीनं दिलेला पेला निघाला. ती आता नाशिकला असते, आम्ही सहा-सात वर्षांत बोललो नव्हतो. चाळीस मिनिटं बोललो. शेवटी मी चाचरत सांगितलं की तुझा पेला देऊन टाकणार आहे गं. ती खो खो हसली. म्हणाली, "अगं, तू दिलेलं पातेलं मी २००४ सालीच बोहारणीला दिलं!" एवढी वर्षं मी कोणाची भीड धरून बसले होते?

पंचवीसेक फोन झाले. निम्म्या नावांना फोन लागणार नव्हता, ती माणसं गेली. त्यांचं भांडं त्या दिवशी घासून वापरलं, त्यात आमटी किंवा ताक वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी दिलं. हे म्हणाले, "श्राद्धच घालते आहेस की." म्हटलं, असेल.

बोहारणीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्याकडे महिन्या-दीड महिन्यानं एक बोहारीण येते, डोक्यावर पाटी, पाटीत नवी कोरी स्टीलची भांडी. जुने कपडे द्यायचे, भांडं घ्यायचं. यातली गंमत मला अडीच वर्षांपूर्वी पहिल्यांदा कळली. चार साड्या आणि दोन पँटी घराबाहेर काढल्या की एक पातेलं घरात शिरतं! अडगळ गेली नाही, तिनं नुसता वेष बदलला. म्हणून मी तिला म्हटलं, साड्या ने, भांडं नको. ती पाटी खाली ठेवून कंबरेवर हात देऊन उभी राहिली. "फुकट न्यायला मी काय मागायला आलीय का काकू?" अगदी बरोबर होतं तिचं. तिचा व्यवहार होता, मी त्याची भीक करायला निघाले होते. मग आमचा करार झाला. कितीही कपडे असोत, मी एक चहाचा चमचा घेते. चमचे घरात हरवतातच, त्यामुळे हिशेब बरोबर राहतो.

ओटीच्या ब्लाउजपीसांनीही मला असंच शहाणं केलं. ५७ निघाले. पॉपलिन, टूबायटू, काही असे की ज्यांचा शिवून उपयोग नाही हे देणारीलाही ठाऊक असतं. ते शिवायचे नसतातच, पुढे सरकवायचे असतात. एक तर मीच दिलेला माझ्याकडे परत आला होता, कोपऱ्यात निळ्या शाईचा डाग होता म्हणून ओळखला. संक्रांतीच्या वाणाचं तेच. आपण म्हणतो "लुटलं", पण प्लॅस्टिकच्या टोपल्या, चहाची गाळणी, आरशाच्या डब्या एकमेकींच्या घरी नेऊन टाकतो. गेली दोन वर्षं मी वाण म्हणून अर्धा पाव धने किंवा हिंगाची डबी देते. फेब्रुवारी संपेपर्यंत ते पोटात गेलेलं असतं, कोणाच्या माळ्यावर नाही. ब्लाउजपीसांतले धड होते ते शिवणकामाच्या क्लासला सरावासाठी गेले. बाकीच्यांची माझ्या कुकरखाली ठेवायची फडकी झाली.

आता सासूबाईंच्या ट्रंकेबद्दल. खरं तर पत्र लिहायला बसले ती यासाठीच.

काळी पत्र्याची ट्रंक, पॅसेजच्या माळ्यावर, अगदी आत. सासूबाई २००९ साली गेल्या, त्यानंतर ती उघडलीच नव्हती. आत काय आहे ते साधारण माहीत होतं, कारण हयातभर त्यांनी ते गोळा करताना आम्ही बघितलं होतं. मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या गुंडाळून केलेले चेंडू. पिठाच्या पिशव्यांची उसवून धुतलेली कापडं. बटणांचे दोन डबे. वाकलेले आणि ठोकून सरळ केलेले खिळे. काडेपेट्या. मी नवी सून असताना याचा मला फार राग यायचा. माझ्या मैत्रिणींना मी त्यांची नक्कल करून दाखवायचे, ते आता लिहितानाही बरं वाटत नाही.

सासूबाई लग्न होऊन शनिवार पेठेत आल्या होत्या, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचंही गेलं, आणि त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड पाण्याखाली गेलं. त्या २९ वर्षांच्या, आमचे हे दहा वर्षांचे. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले, नातेवाइकांकडे राहिले, मग गोखलेनगरला निसन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरात. ही माहिती मला लग्नापासून होती. पण पानशेत म्हटलं की पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात एक ठरलेली गोष्ट असते, पाणी कुठवर आलं, कोण कसं वाचलं, आणि ती गोष्ट ऐकून झाली की आपल्याला वाटतं, कळलं.

ट्रंक रिकामी करायला आम्हाला चार महिने लागले. ती यांच्या आईची होती, म्हणून रोज एक वस्तू त्यांनी काढायची आणि मी फक्त चौकोनात लिहायचं असं ठरलं. कुकरची वेळही बदलली, संध्याकाळच्या खिचडीच्या कुकरला बसायचो. दोऱ्याचा चेंडू निघाला तेव्हा हे म्हणाले की पुरानंतर पहिले काही आठवडे आईकडे काही बांधायला सुतळीसुद्धा नव्हती, मदत म्हणून मिळालेलं धान्य तिनं पदरात बांधून आणलं होतं. खिळे निघाले तेव्हा कळलं की ते वडिलांनी चिखलातून उचलून आणलेले होते. बटणांच्या डब्यात तळाशी एक छोटं बटण होतं, यांच्या शाळेच्या सदऱ्याचं. सदरा एकच उरला होता, तो रोज रात्री धुऊन सकाळी घालायचा, बटण तुटलं तर दुसरं कुठून आणणार?

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात यातलं एकही वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. आणि ट्रंक एका रविवारी पलंगावर उपडी केली असती तर ऐकलंही नसतं. सगळा ढीग बघून ते "टाक सगळं" म्हणाले असते, नाहीतर "असू दे" म्हणाले असते. रोज एकच वस्तू हातात आली म्हणून बोलले. बोलून झालं की वस्तू स्वतःच दाराजवळच्या पिशवीत नेऊन ठेवायचे. एक दिवस, सात-आठ वस्तूंनंतर, मला म्हणाले, "आज बोलायला काही नाही, नुसतीच टाकतो." मग नुसतीच टाकली.

तळाशी एका रुमालात पाचशेच्या तीन नोटा होत्या. सासूबाईंची पुंजी. २००९ पूर्वीच्या, म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ ला बाद झालेल्या. आयुष्यभर पुराची भीती बाळगली, आणि नुकसान केलं ते पुरानं नाही. बाद नोटा दहापर्यंत जवळ ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, हे मला माहीत होतं, त्यामुळे त्या तीन तशाच ठेवल्यात. शिवाय ट्रंकेतलं एक पितळी मापटं ठेवलं आहे, पूर ओसरल्यावर घरातल्या गाळात सापडलेलं. काठाला पोचा आहे. त्यानं मी रोज तांदूळ मोजून घेते आणि कुकर लावते. ट्रंक भंगारात गेली.

सगळं इतकं गोड झालं असं मात्र समजू नका. चुकाही केल्या. त्यातली एक मोठी. यांच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमची स्कोअरबुकं होती, १९७८ ते ८६, यांच्या हातची, वळणदार अक्षरात. मला ती जुनी हिशेबाची वही वाटली आणि मी एका मंगळवारी रद्दीत दिली. चौकोनात लिहिलंसुद्धा, "वह्या ५". यांनी चौकोन वाचला. रद्दीवाल्याकडे धावले, गठ्ठा पुढे गेला होता. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोलले ते फक्त "मीठ दे". तेव्हापासून दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. तुमच्या लेखात "घरच्यांच्या नकळत थोडंथोडं काढत जा" असा सल्ला आहे, तो कृपा करून पुढच्या अंकात मागे घ्या.

आणि हो, टाकलेली वस्तू आठवडाभरात लागतेच. पडद्याच्या दांडीचा एक ब्रॅकेट अठरा वर्षं पडून होता. दिला, आणि नवव्या दिवशी दांडी पडली. हे इतके खूश झाले की विचारू नका. तीस रुपयांना नवा आणला. तीस रुपयांसाठी अठरा वर्षं जागा अडवली होती, हे मी बोलून दाखवलं नाही, इथे लिहिते आहे.

कागदांची गोष्ट त्याहून नाजूक. टपाल खात्यात असताना काउंटरवर रोज कोणी ना कोणी यायचं, वडिलांचं पासबुक रद्दीत गेलं, नाव कुठलं, नंबर कुठला, ठाऊक नाही. इंदिरा विकास पत्रांचं तर विचारूच नका. १९८६ साली निघाली, त्यावर नावच नसायचं, ज्याच्या हातात कागद त्याचे पैसे. म्हणून मी कागद एका दिवशी एकच पाकीट या हिशेबानं बघते, उघडून, आतबाहेर वाचून. असंच एका विजेच्या बिलांच्या पाकिटात यांच्या नावाचं १९९२ चं शेअरचं कागदी प्रमाणपत्र निघालं. तेव्हा सगळं पुणं रांगा लावून शेअरचे फॉर्म भरत होतं, यांनीही भरले आणि विसरले. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअर सरकारच्या निधीकडे वर्ग होतात, आणि ते परत मिळवायला अर्ज करावा लागतो. कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करणंही एप्रिल २०१९ पासून बंद आहे, आधी डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी संगणकावरची नोंद, करून घ्यावं लागतं. आमचा अर्ज चालू आहे. रविवारी दुपारी ढिगात बसलेल्या माणसानं ते पाकीट उघडलं असतं का? मी तरी नसतं उघडलं.

आता मूळ मुद्दा, ज्यावर तुमच्या पुरवणीत एक ओळही नाही. टाकलेलं जातं कुठे?

आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा घ्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या एक ताई येतात. २००८ पासून पुण्यात घरोघरी कचरा घेण्याचं काम या बायका महापालिकेशी करार करून करतात. संस्थेचं मूळ १९९३ च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत आहे. अडीच वर्षांत माझी खरी शिकवणी या ताईंनी घेतली. फुटकी काच कागदात गुंडाळून वर लिहायची, नाहीतर त्यांचा हात कापतो. गाद्या-उश्या पावसात द्यायच्या नाहीत, भिजलेलं कोणी घेत नाही. तेलकट बरणी आणि स्वच्छ बरणी यांच्या भावात फरक असतो, म्हणून विसळून द्यायची. जुनं औषध, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल, इंजेक्शनच्या सुया हा घरगुती घातक कचरा, तो वेगळा द्यायचा. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांतच हे लिहिलं होतं, पण मला ते नियमांमुळे कळलं नाही, ताईंच्या अंगठ्यावरच्या पट्टीमुळे कळलं.

दिवाळीच्या आधीचे दहा दिवस त्यांना सगळ्यात वाईट जातात. मी विचारलं तर म्हणाल्या, "वर्षभर बायका धरून ठेवतात आन् एका रविवारी सोडतात काकू. चार गाद्या, दोन कपाटं, पोत्यानं काचा, आन् वरून म्हनत्यात आजच न्या." त्यांची ढकलगाडी तेवढीच, हात तेवढेच. एकदम सोडलेल्या ढिगात धड वस्तूही फुटते, भिजते आणि जिचं कोणाच्या तरी घरी काम झालं असतं ती कचऱ्यात जाते. रोज एक पिशवी दिली तर त्यातलं जवळपास सगळं मार्गी लागतं, हे त्यांचंच म्हणणं. मी दिलेल्या दोन बरण्या त्यांच्या घरी लोणच्याला आहेत, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

पुस्तकांचंही असंच. एका ग्रंथालयात (नाव लिहीत नाही) मी तीस वर्षांचे दिवाळी अंक घेऊन गेले, तर बाईंनी पिशवी न उघडताच "आम्ही घेत नाही" सांगितलं. रिक्षाचे पैसे दोन्ही बाजूंनी गेले. मग पाच-पाच करून आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ठेवायला लागले. दीडशे अंक गेले. कंपाउंडर म्हणतो, लोक नंबर आला तरी उठत नाहीत. एकदम दीडशे दिले असते तर त्यानेही नाही म्हटलं असतं. तीन जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून दोन नव्या उश्या आणि एक बाळाची गादी झाली, नातीसाठी. देवांच्या जुन्या तसबिरी पिंपळाखाली ठेवायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे. पारावर फुटलेल्या काचेत बसलेले दत्त रोज बघवत नाहीत. काच आणि चौकट भंगारात, कागद बादलीत भिजवून लगदा करून तुळशीच्या मातीत. आमच्या गुरुजींना विचारलं, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "चालेल."

एक गोष्ट अजून अडली आहे. १९८५ पासूनची कालनिर्णयं. भिंतीवरची, खिळ्याच्या भोकासकट. त्यात चाळीस वर्षांचं दूध आहे, मुलीचे पोलिओचे डोस आहेत, सासूबाईंच्या डायलिसिसच्या तारखा आहेत. महिन्यातून एकदा त्यांच्यापुढे कुकर लावून उभी राहते, तीन शिट्ट्या होतात, आणि मी दुसऱ्याच कुठल्या खणातला एखादा मोजा काढून वेळ मारून नेते.

तेव्हा संपादकसाहेब, दोन विनंत्या आहेत. पुरवणीत अशी घाईची औषधं छापण्यापेक्षा दर आठवड्याला चार ओळींची चौकट द्या, शहरात कुठली जुनी वस्तू कुठे घेतात त्याची. एका आठवड्यात चष्मे, एका आठवड्यात गाद्या, एका आठवड्यात चार्जर. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात जुन्या वस्तूंवर पुनर्प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे असं तुमच्याच अंकात वाचलं. पण माझे नऊ चार्जर घेऊन मी ज्या दुकानात गेले, तिथल्या मुलानं ते चुकून विकायला आणलेत असं समजून भाव सांगितला. आणि महापालिकेला तुमच्यामार्फत एवढंच सांगायचं आहे की मोठ्या वस्तू गोळा करायची मोहीम दिवाळीच्या आधी एकदा काढण्यापेक्षा प्रत्येक प्रभागात महिन्यातून एक ठरलेला वार ठेवा. वार ठरला की माणसं त्या हिशेबानं काढतात. आमचा भंगारवाला इतकी वर्षं गुरुवारीच येतो, आणि माझ्या गुरुवारच्या चौकोनांत सगळ्यात जड वस्तू आहेत.

हे पत्र लिहिता लिहिता कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, भाताचा गाळ झाला आहे. आजचा खण उघडायचा राहिला. चौकोन रिकामा जाऊ नये म्हणून तुमची रविवारची पुरवणीच रद्दीत टाकली आणि तसं लिहिलं, "पुरवणी १". मांजराचा फोटो तेवढा कापून घेतला, नातीला हवा होता.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
कोथरूड, पुणे

ता. क. : पत्र छापलंत तर नाव छापू नका. लग्नात घंगाळं देणाऱ्या माझ्या मोठ्या नणंदबाई तुमचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात, आणि त्यांना अजून फोन करायचा राहिला आहे.